यानागीच्या सात बिया

कागद चौकोनी घ्यावा. कोपऱ्याला कोपरा टेकवून त्रिकोण करावा, दोन्ही बाजू आत वळवाव्यात आणि उरलेलं टोक खिशासारख्या झालेल्या घडीत खोचून द्यावं. औषधाची पुडी अशी बांधतात. सुमिए कुवाबारा हे वयाच्या नवव्या वर्षी वडिलांच्या औषधाच्या दुकानात शिकली. पुढे गोळ्या चंदेरी पट्ट्यांतून यायला लागल्या, वडील गेले, दुकान बंद झालं आणि पुड्यांची गरज कुणालाच उरली नाही. छत्तिसाव्या वर्षी ती ओकायामाच्या एका विद्यापीठात, वनस्पतींच्या प्रयोगशाळेत मदतनिसाच्या जागेसाठी गेली, तेव्हा तोदोरोकी सेन्सेईंनी, म्हणजे तिथल्या प्राध्यापकांनी, तिला विचारलं, "तुम्हाला काय काय येतं?"

"विशेष काही नाही. पुडी बांधता येते."

सेन्सेईंनी एक कागद आणि चिमूटभर बी पुढे सरकवलं. बी कसलं, नुसती पूड. फुंकर मारली तर उडून जाईल असं. सुमिएने पुडी बांधून दिली. सेन्सेईंनी ती उलटी केली, झटकली, टेबलावर आपटली. एक कण बाहेर आला नाही.

"उद्यापासून या," ते म्हणाले.

या गोष्टीला पंचवीस वर्षं झाली. मोहरीच्या कुळातलं एक वीतभर उंचीचं रानटी झाड, अराबिडॉप्सिस नावाचं, हे त्या प्रयोगशाळेचं सगळं विश्व होतं. सुमिएचं काम ठरलेलं. ओल्या कागदावरचं एकेक बी दातकोरणीच्या टोकाने उचलून मातीवर ठेवायचं, ट्रेमध्ये पाणी भरायचं, पानं मोजायची, फांद्या मोजायच्या, झाड वाळलं की शेंगा चुरून चहाच्या गाळणीने चाळायच्या, बी पुडीत बांधायचं आणि पुडीवर नंबर व तारीख टाकायची. दरवर्षी मार्चमध्ये तिच्या नोकरीचा कागद नव्याने व्हायचा. ती वेळेवर येई, वेळेवर जाई. दुपारी झाडांच्या खोलीबाहेरच्या बाकावर डब्यातले दोन भाताचे गोळे खाई.

तिथे येऊन पाच वर्षं झाली असतील. हजारो रोपं तपासायचं काम चाललं होतं. सेन्सेईंच्या लोकांनी झाडांच्या गुणसूत्रांत जागोजागी बाहेरचे डीएनएचे तुकडे घुसवले होते, आणि कुठला तुकडा काय बिघडवतो ते शोधायचं होतं. एका ट्रेमध्ये, कोपऱ्यातून तिसऱ्या घरात, सुमिएला एक रोप दिसलं. बाकीच्यांची पानं चमच्यासारखी गोल होती. याची पानं अरुंद आणि टोकदार होती.

"सेन्सेई, हे बघा. यानागीसारखं पान आहे." यानागी म्हणजे नदीकाठचं वाळुंज.

सेन्सेई गुडघे टेकून बसले ते अर्धा तास उठले नाहीत. शेवटी म्हणाले, "विद्यार्थ्यांनी हा ट्रे दोनदा पाहिलाय. दोघांनी लिहिलंय, 'विशेष काही नाही.'"

"त्यांचीही मुलाखत पुडीवरच घ्यायला हवी होती," सुमिए म्हणाली. सेन्सेई इतके हसले की त्यांना भिंत धरून उठावं लागलं.

त्या रोपाला नंबर मिळाला दोनशे चौदा, पण सगळे त्याला यानागीच म्हणायला लागले. ते फार हळू वाढलं. आणि त्याला फांद्याच आल्या नाहीत. शेजारची झाडं चार-चार, पाच-पाच फांद्या पसरून उभी, आणि हे आपलं उदबत्तीसारखं एकटं, सरळ. शेवटी टोकाला दोन-तीन शेंगा आल्या. त्यांत सगळ्या मिळून थोड्याशाच बिया होत्या.

कारण सापडायला दोन वर्षं गेली. सापडलं त्या दिवशी सेन्सेईंनी तिला बाकावर बसून समजावलं. "तुमच्या गल्लीत शेवयांचा कारखाना आहे ना? तसं प्रत्येक पेशीत प्रथिनं बनवणारं यंत्र असतं. रायबोसोम म्हणतात त्याला. त्याला ऐंशीएक सुटे भाग असतात. यानागीत त्यातला एक भाग धड बनत नाही. यंत्र बंद पडत नाही, रखडत चालतं."

सुमिएने विचार करून विचारलं, "मग सगळं झाडच बारीक राहायला हवं. नेमकं पानाचं टोक आणि फांद्याच का?"

"हे विचारलंत, हे बरं केलंत. मला माहीत नाही. अडचण सगळीकडे सारखी आणि दिसते ती ठरावीक जागी." मग म्हणाले, "दर मे महिन्यात मी घरच्या शेवंतीचे शेंडे खुडतो. शेंडा गेला की पानाच्या कुशीतले डोळे जागे होतात, फुटवे येतात. यानागीचा शेंडा खुडला तर काय होईल? तिच्या कुशीत डोळा निजलेला आहे, की मुळात नाहीच?"

"खुडून बघू या ना."

"झाडं पुरेशी झाली की बघू."

झाडं पुरेशी कधी झालीच नाहीत. यानागीला बिया क्वचितच धरायच्या, म्हणून वाण टिकवायची वेगळी रीत होती. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. दोन्ही बिघडल्या तर यानागी. एकच बिघडली तर झाड दिसायला अगदी धडधाकट, पण दोष पोटात बाळगून असलेलं. वाण टिकायचं ते अशा झाडांमुळे. पण नुसतं बघून ते ओळखता येत नाही, कारण धडधाकट दिसणाऱ्या तीन भावंडांतलं एक खरंच निर्दोष असतं. म्हणून निदान दहा झाडांचं बी वेगवेगळं धरायचं, प्रत्येकाचं थोडं पेरून बघायचं, ज्याच्या पोटी यानागी निघेल तेच ठेवायचं. मग जुनी पुडी वाफेच्या यंत्रात घालून नष्ट करायची. सुमिएने ही रीत वर्षानुवर्षं पाळली. सेन्सेईंचं लक्ष हळूहळू दुसऱ्या प्रश्नांकडे वळलं आणि यानागी फ्रीजमधल्या खोक्यातल्या पुडीत राहिली.

गेल्या सप्टेंबरात सेन्सेई काठी टेकत प्रयोगशाळेत आले. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण कोपऱ्यातलं एक टेबल त्यांच्यासाठी राखलेलं होतं. ते खूप वाळले होते.

"कुवाबारा-सान, दोन बातम्या आहेत. मार्चअखेर ही प्रयोगशाळा बंद होणार. माझी जागा इतकी वर्षं रिकामीच आहे, ती आता भरणार नाहीत. दुसरी, माझ्या स्वादुपिंडात गाठ आहे. डॉक्टर म्हणतात, वसंतात चेरी फुलेपर्यंत बघू."

प्रयोगशाळेबरोबर तिचीही नोकरी संपणार होती, पण त्या क्षणी ते तिच्या मनातही आलं नाही.

"तोंड असं करू नका. काम सांगायला आलोय. यानागी पेरा. तो शेंड्याचा प्रश्न तेवढा राहून गेला."

ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी तिने शहाण्णव बिया पेरल्या. चौथा हिस्सा यानागी निघायला हवी, म्हणजे चोवीस. तीन आठवड्यांनी तिने भिंग घेऊन ट्रे पाहिला. शहाण्णव रोपं, शहाण्णव गोल पानांची. तिने पुन्हा मोजलं. मग उरलेलं बी पेरलं आणि नोव्हेंबरात तेही सगळं गोल पानांचं निघालं.

पुडी तिच्याच हातची होती. तारीख तिच्याच अक्षरात, अकरा वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. तारीख वाचली आणि ती खुर्चीवर बसली. त्या नोव्हेंबरात तामोत्सु, तिचा नवरा, पोटाच्या कॅन्सरने दवाखान्यात होता. पाचच्या ठोक्याला निघायचं, बस धरायची, त्याला भरवायचं, असे ते दिवस होते. दहा झाडांचं बी वेगवेगळं धरायला तिच्याकडे वेळ नव्हता. ट्रेमधली दोन झाडं सगळ्यांत देखणी होती, भरगच्च फांद्यांची, शेंगांनी वाकलेली. तिने त्या दोघांचं बी एकत्र चाळलं, पेरून न बघताच पुडी बांधली आणि जुनी पुडी नियमाप्रमाणे नष्ट केली. दोन्ही झाडं निर्दोष निघण्याचा योग नवात एकदा येतो. तो तेव्हा आला होता. तामोत्सु डिसेंबरात गेला, आणि यानागी त्याच्या महिनाभर आधीच गेली होती, हे तिला आज कळलं.

सेन्सेई दर गुरुवारी येत. यायचे आणि दारातूनच विचारायचे, "काय म्हणतेय आमची बाई?"

"हळू आहे, सेन्सेई."

"ती हळूच. माझ्यासारखी."

असे तीन गुरुवार गेले. चौथ्या गुरुवारी सेन्सेईंनी टेबलावर तिच्यासाठी संत्री आणून ठेवली, घरच्या झाडाची. सुमिएने संत्र्याला हात लावला नाही.

"सेन्सेई, यानागी उगवलेली नाही. उगवणारही नाही. मी वाण घालवलं."

आणि तिने सगळं क्रमाने सांगितलं. दोन देखणी झाडं, पुडी, तारीख. तामोत्सुचं नाव घेतलं नाही. सेन्सेई काठीच्या मुठीवर हात ठेवून ऐकत राहिले.

"अकरा वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर," ते म्हणाले. "म्हणजे तुमचे यजमान..."

"ते कारण नाही, सेन्सेई."

"कारण नाही कसं? आणि तीन आठवडे मला 'हळू आहे, हळू आहे' म्हणून झुलवत ठेवलंत! मी घरी जाऊन बायकोला सांगायचो, आज उगवली असेल म्हणून." त्यांचा आवाज चढला आणि खोकल्याने मध्येच तुटला. सुमिए वाकून उभी राहिली, डोकं वर केलं नाही. खोकला थांबल्यावर ते म्हणाले, "पुरे, सरळ व्हा. माझा फ्रीजचा खण उघडा. मागच्या बाजूला फिल्मची काळी डबी आहे."

डबीत ओल शोषणारे निळे खडे होते, त्यांचा रंग उडून गुलाबी झालेला. खड्यांखाली एक पुडी होती. घडी तिचीच होती.

"पहिल्या झाडाच्या बिया. सात आहेत. आठवण म्हणून ठेवल्या होत्या, यादीत लिहिल्या नव्हत्या. मीही काही नियमाचा पुतळा नाही. वीस वर्षांच्या आहेत. उगवल्या तर उगवल्या."

एक डिसेंबरला सुमिएने त्या पेरल्या. पहिल्या झाडाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या, त्यामुळे जे उगवेल ते यानागीच असणार होतं. सतरा दिवसांनी दोन कोंब आले. एक नववर्षाच्या सुट्टीत पिवळा पडून गेला. सुट्टीतही ती रोज येत होती, तरी गेला. दुसरा राहिला. जानेवारीच्या मध्यात त्याला टोकदार पान आलं. सुमिएने फोनवर फोटो काढला आणि बसने दवाखान्यात गेली. सेन्सेई तोवर तिथे दाखल झाले होते.

त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला. "आली का बया! चेहरा बदलला नाही हिचा." मग गंभीर झाले. "एकच आहे?"

"एकच."

"मग खुडू नका. बी धरू द्या. वाण राहिलं तर प्रश्न पुढे कुणीही विचारेल. झाडच नसलं तर विचारणार कुणाला?"

"हो," सुमिए म्हणाली. पण बसमध्ये बसल्यावर तिने बोटांवर महिने मोजले. दांडा फेब्रुवारीत, फुलं मार्चमध्ये, आणि या हळूबाईच्या शेंगा पिकायला मे उजाडणार. सेन्सेई बिछान्यावर पडल्यापासून तारखा विसरू लागले होते. प्रयोगशाळा एकतीस मार्चला बंद होत होती.

ती हातानो-सानकडे गेली. चाळिशीतला हा सहायक प्राध्यापक एप्रिलपासून उत्तरेला, होक्काइदोला जाणार होता, आणि प्रयोगशाळा आवरायचं काम त्याच्याच गळ्यात पडलं होतं.

"दोन ठिकाणी विचारलं मी, कुवाबारा-सान," तो म्हणाला. "एकांनी उत्तर दिलं नाही. दुसरे म्हणतात बी पाठवा, ठेवून घेतो. जिवंत झाड नको. बाहेरचा तुकडा घातलेलं झाड हलवायचं म्हणजे परवानग्या, त्याला सहा महिने लागतात."

"घरी नेऊन खिडकीत..."

"नका बोलू पुढे. मी ऐकलं नाही असं समजतो."

तिलाही माहीत होतं. अशी झाडं त्या खोलीबाहेर जिवंत जात नसत. पंचवीस वर्षांत तिने कपड्यांना चिकटलेलं एक बीसुद्धा झटकल्याशिवाय दार ओलांडलं नव्हतं.

अठरा फेब्रुवारीला दांडा बोटभर झाला होता. टोकाला पांढऱ्या कळ्यांचा गुच्छ दिसत होता. सुमिएने बारीक कात्री स्पिरिटने पुसली आणि बराच वेळ हातात धरून उभी राहिली. न खुडता ठेवलं तर बीही मिळणार नव्हतं आणि उत्तरही नाही. खुडलं तर निदान उत्तर मिळेल, आणि सेन्सेई असेपर्यंत मिळेल. तिने शेंडा कापला. वहीत तारीख लिहिली. शेजारी साध्या झाडांचे चार शेंडेही कापले, तुलनेसाठी.

साध्या झाडांच्या कुशी सहाव्या दिवशी फुगल्या, दहाव्या दिवशी त्यांना फुटवे आले. यानागीच्या कुशीत काही नव्हतं. सुमिए रोज सकाळी भिंगाखाली एकेक पान सुईने बाजूला करून बघे आणि वहीत शून्य लिही. अठरा शून्यं झाली तेव्हा सेन्सेईंच्या पत्नी फुसा यांचा फोन आला. "कुवाबारा-सान, यायचं असेल तर आज या."

सेन्सेईंचा चेहरा उशीपेक्षाही फिका दिसत होता. फुसाबाईंनी त्यांच्या कानाशी सांगितलं, कोण आलंय ते.

"शेंगा धरल्या?" त्यांनी विचारलं.

"सेन्सेई, मी शेंडा खुडला."

त्यांनी डोळे उघडले. "मी नको म्हटलं होतं."

"बी मे महिन्यात आलं असतं. खोली मार्चअखेर बंद होते."

ते छताकडे बघत राहिले. "मार्च... हो. विसरलोच मी." मग हळूच, जणू कुणी ऐकू नये म्हणून, "किती आले?"

सुमिएला वाटलं, एक म्हणावं. एकच तर म्हणायचं. पण 'हळू आहे' म्हणून तीन आठवडे झुलवलेला हा माणूस होता.

"शून्य, सेन्सेई."

"नीट पाहिलंत?"

"रोज. भिंगाखाली. आज अठरावा दिवस."

"तुम्ही पाहिलं म्हणजे पाहिलं." त्यांनी डोळे मिटले. "म्हणजे तिथे काही नव्हतंच. आणि मी वीस वर्षं म्हणत बसलो, निजलेला असेल, निजलेला असेल..." फुसाबाईंनी त्यांचे ओठ ओल्या कापसाने पुसले. "एका झाडावरून काही सिद्ध होत नाही, कुवाबारा-सान."

"हो, सेन्सेई."

"पण मला पुरे."

चार दिवसांनी ते गेले.

अंत्यविधीनंतर प्रयोगशाळेत आवराआवर सुरू झाली. भांडी पुसून खोक्यांत गेली, फ्रीज रिकामे झाले, शेल्फांवरचे दिवे एकेक करून विझले. शेवटी एकच दिवा उरला आणि त्याच्याखाली एक कुंडी. सुमिए तिला पाणी घालत होती. बघायचं काही राहिलं नव्हतं, तरी सकाळचं भिंग सुटत नव्हतं आणि वहीतली शून्यंही.

अठ्ठावीस मार्चला, खालून दुसऱ्या पानाच्या कुशीत तिला हिरवा ठिपका दिसला. तिळाच्या टोकाएवढा. तिने भिंग पुसलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. दुसऱ्या दिवशी ठिपक्याला दोन टोकं दिसायला लागली, आणि दोन्ही टोकदार. तिने हातानो-सानला हाक मारली. "इकडे या जरा. हा आहे ना? मला भास तर होत नाही?"

हातानो वाकून बघत राहिला. "आहे. डोळाच आहे. काल दिसला म्हणजे अडतीस दिवस!" तो सरळ झाला. "म्हणजे नव्हता असं नाही. सगळंच रखडतं, तसा हाही..."

"तीन आठवडे उशीर झाला," ती म्हणाली. "मी थांबायला हवं होतं. ती हळू आहे हे मलाच ठाऊक होतं, आणि मीच जाऊन शून्य सांगितलं."

"अठराव्या दिवशी शून्यच होतं, कुवाबारा-सान."

"हो. शून्यच होतं."

"वीज परवा तोडतायत. मी एक दिवस मागून घेऊ का?"

"एका दिवसाने काय होणार?"

तीस तारखेला सकाळी तिने शेवटचं पाहिलं, वहीत 'एक' लिहिलं आणि खाली रेघ ओढली. कुंडी पिशवीत ठेवली, पिशवीचं तोंड नेहमीसारखं दोनदा मुडपून बांधलं आणि स्वतः खालच्या मजल्यावर वाफेच्या यंत्रापाशी नेली. झाकण लावलं, चाक घट्ट फिरवलं. यंत्राला लागतात तेवढी वीस मिनिटं ती तिथेच उभी राहिली. मग वही खोक्यात घालून खोक्यावर हातानो-सानचा होक्काइदोचा पत्ता चिकटवला आणि दुपारी घरी गेली.

एप्रिलच्या एकोणतीस तारखेला सेन्सेईंच्या घरी त्यांचा एकोणपन्नासावा दिवस होता, आपल्याकडच्या तेराव्यासारखा. पाहुणे गेल्यावर सुमिए त्यांच्या फोटोसमोर बसली. उदबत्ती लावली, हात जोडले आणि ओठांतल्या ओठांत बराच वेळ काहीतरी बोलत राहिली.

"एवढं काय सांगत होतात?" फुसाबाईंनी चहा पुढे ठेवत विचारलं.

"दुरुस्ती सांगायची होती, बाईसाहेब. मी त्यांना शून्य सांगितलं होतं. एक होता. त्याला वेळ लागला."

फुसाबाईंनी पेला हातात तसाच धरला. "निजलेला होता?"

"निजलेला होता."

उठून त्यांनी अंगणाकडचं दार सरकवलं. भिंतीलगत शेवंतीच्या कुंड्यांची रांग होती, नुकती लावलेली रोपं, वीतभर.

"दर मे महिन्यात शेंडे तेच खुडायचे. मला पाणी घालण्यापलीकडे काही येत नाही. यंदा ही अशीच राहणार, सरळसोट." त्या सुमिएकडे न बघता म्हणाल्या, "तुम्ही याल?"

"अजून तीन आठवडे तरी आहेत त्यांना," सुमिए म्हणाली. "येईन."

आणि निघता निघता, सवयीने, ती पहिल्या कुंडीपाशी वाकली आणि एकेक पान बोटाने बाजूला करून कुशी बघत राहिली.